चार ट्रॅक आणि गजराचं घड्याळ

रविवार, रात्री साडेबारा

आज परत हेडफोन लावून बीटल्स ह्या इंग्लिश बँडचं 'अ डे इन द लाइफ' ऐकलं, पण गाण्याकडे लक्षच नव्हतं माझं, मधल्या त्या जागेत कान लावून बसलो होतो. ऑर्केस्ट्रा चढायला लागतो तेव्हा मागे एक माणूस आकडे मोजतोय, नीट ऐकलं की येतोच ऐकू. तो मॅल एव्हान्स, बीटल्सचा रोड मॅनेजर. जानेवारी १९६७, लंडनचा अ‍ॅबी रोडचा स्टुडिओ, गाण्यात २४ बार (तालाची आवर्तनं म्हणा) मोकळे सोडलेत आणि तिथे काय घालायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून ह्याला मोजायला उभं केलं आणि २४ झाले की गजर वाजवायचा. तो गजर गाण्यात तसाच राहिला, आणि लगेच पुढे बँडमधला पॉल झोपेतून उठल्याचं गातो! काय बसलंय ते.

तेव्हा टेपवर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज सुटे भरायचे पट्टे, चारच. भरले की सगळं मिक्स करून दुसऱ्या मशीनवर एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं, मग उरलेल्यात पुढचं. पण एकदा उतरवलं की ड्रम आणि बेस एकजीव, नंतर ड्रम जरा कमी करू म्हणालात तर विषयच संपला, आणि प्रत्येक वेळी टेपची सरसर वाढते ती वेगळीच. १० फेब्रुवारीला ती मोकळी जागा भरायला ऑर्केस्ट्राचे ४० वादक आले तेव्हा चार ट्रॅक पुरणारच नव्हते, तर केन टाउनसेंड नावाच्या इंजिनिअरने एका टेपवर सेकंदाला ५० कंपनांचा सूर भरून त्यावर दुसऱ्या मशीनची मोटर चालवली आणि दोन मशीन जोडीने पळवली. मला हे वाजवण्याइतकंच मोठं वाटतं, खरंच.

आणि त्याच्या आदल्या वर्षीचं त्यांचंच 'टुमॉरो नेव्हर नोज'! त्यांचा साउंड इंजिनिअर ज्योफ एमेरिक तेव्हा २० वर्षांचा. गायक जॉन लेननला स्वतःचा आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणतायत असा हवा होता, तर ह्या पोराने तो हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला, ड्रमर रिंगोच्या बास ड्रममधे लोकरी स्वेटर कोंबला. टेपचे लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरणारे तुकडे, पाच मशीनवर, बिल्डिंगभर पसरलेली, आणि प्रत्येकापाशी एकेक माणूस पेन्सिलीत अडकवून टेप ताणून धरलेला. तो मिक्स परत तसाच करणं शक्यच नाही, त्या हातांचा ताण कुठून आणणार?

ह्यातला एक धागा आपल्या मुंबईतही आहे. जानेवारी १९६८ मधे बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपले वादक घेऊन बसला होता, 'द इनर लाइट' ह्या त्यांच्या गाण्याचं सगळं वाजवणं इथलं, आवाज तेवढा फेब्रुवारीत लंडनला जाऊन भरला. मी फोर्टातून इतक्यांदा चाललोय आणि हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आमचं गाणं सहा महिने लॅपटॉपवर पडलंय. ५३ ट्रॅक. रोज उघडायचं, तबला अर्धा डेसिबल वर, परत खाली, बंद. आज पेटी, तबला आणि तानपुरा एकत्र करून एकच फाइल केली आणि मित्राला फोन करून विचारलं, सुटे ट्रॅक उडवू का? तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला उडव.

उडवले. पेटी जरा मोठी ऐकू येतेय. उद्या त्यावर गायचंय.