लंगोट किती घ्यायचे ते दोरी ठरवते

नागपुरात बाळाची खरेदी सुरू करण्याआधी यादी नको, कॅलेंडर बघा. २३ मे २०१३ ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत उतरला होता. मेमधल्या आणि डिसेंबरमधल्या बाळाला सारखंच सामान लागेल, हे शक्यच नाही. पण दुकानात दोघांच्याही आईबापांपुढे तोच तयार सेट येतो: टोपडं, हातमोजे, पायमोजे, मऊ गादी, उशी, दोन छोटे लोड, सगळं चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यातलं निम्मं निरुपयोगी असतं आणि उशी-लोड तर धोक्याचे. सुटं घ्या, कमी पैशात होतं.

सुरुवात लंगोटांपासून. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून किमान सहा-आठ वेळा शू करतं, अंगावर पिणारं बाळ शी पण जवळजवळ प्रत्येक पाजण्यानंतर करू शकतं. म्हणजे दिवसाला दहा-चौदा लंगोट धरून चाला. मेमध्ये गच्चीवरच्या दोरीवर टाकलेला लंगोट तासाभरात कडक वाळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ धुणं होत असेल तर वीस पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये तोच लंगोट दीड-दोन दिवस दमट राहतो. तेव्हा पस्तीस-चाळीस लागतात, किंवा वीस लंगोट आणि रात्रीपुरते डायपर. दमट कापड तसंच बांधलं की बुरशीला आयतं घर मिळतं. साधी लाली आणि बुरशी यांत फरक ओळखता येतो: साधी लाली कापड घासतं तिथे, फुगीर भागावर येते आणि जांघेची घडी सुटते. बुरशीची लाली घडीत शिरते, गडद असते आणि तिच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसतात. तिच्यावर पावडर चालत नाही, डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलमच लागतं. पावसाळ्यात लंगोटावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा, शिवणीवर जरा जास्त वेळ.

कापड शोधायचं तर गांधीबागेच्या कापडबाजारात मीटरवर मलमल घेणं तयार दुपट्यांपेक्षा स्वस्त पडतं. मीटरभर लांबीचा चौकोनी तुकडा म्हणजे एक दुपटं, सहा-आठ पुरे. नव्या कापडात खळ असते, ती जाईपर्यंत कापड पाणी शोषत नाही आणि अंगाला टोचतं, म्हणून दोनदा धुऊन मगच वापरा. तपासायला पाण्याचा एक थेंब टाका: तो लगेच पसरला तर कापड तयार, मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून एक धुणं बाकी. सुगंधी कंडिशनर नको, त्याचा थर बसून लंगोटाची शोषण्याची ताकद जाते. जंतुनाशकाचं पाणीही नको. बाळाच्या कपड्यांना साधा साबण, भरपूर खळबळणं आणि ऊन बास. लंगोट बांधताना वरची कड नाळेच्या खाली दुमडा आणि गाठ बाजूला घ्या. नाळेला हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. ती कोरडी राहिली की साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते.

डायपर घेणार असाल तर ‘न्यू बॉर्न’ मापाचं छोटं पाकीटच घ्या. ते माप साधारण पाच किलोपर्यंत चालतं, पण वाढणारं बाळ त्यात फार दिवस राहत नाही. मांडीवर लाल वळ उमटायला लागले की माप बदला.

थोरल्या भावंडांचे कपडे धाकट्याला घालण्याची आपली पद्धत चांगलीच आहे, जुनं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं. फक्त ते कुठे ठेवलं होतं ते विचारा. पेटीत किंवा आलमारीत डांबराच्या गोळ्या टाकलेल्या असतील तर ते कपडे, गोधड्या, स्वेटर थेट बाळाजवळ आणू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं आणि ते बघून कळत नाही. अशा बाळाच्या अंगात या गोळ्यांतलं नॅफ्थलीन श्वासातून किंवा कातडीतून गेलं की तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. पुन्हा पुन्हा धुऊन, कडक उन्हात टाकूनही वास येत असेल तर ते कापड फरशी पुसायला ठेवा. बाळंतिणीच्या खोलीतल्या आलमारीतूनही गोळ्या काढा, आणि हे प्रसूतीच्या आधीच करा.

आता ऋतू. उन्हाळ्याच्या बाळाला पुढून बांधायची, बिनबाह्यांची मलमलची आठ-दहा झबली द्या. घरात टोपडं नको. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, बरीच उष्णता तिथूनच बाहेर पडते. ते झाकलं की अंग तापतं आणि घरभर ताप-ताप म्हणून धावपळ होते. काखेत डिजिटल थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. जास्त आलं तर कपडे सैल करून, पाजून, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. तरीही ३८ किंवा त्याहून जास्त असेल तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरचं औषध न देता लगेच डॉक्टरांकडे न्या.

कुलर लावायला हरकत नाही, झोत अंगावर नको. त्याची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो, नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. अगरबत्ती-कॉइलच्या धुराऐवजी छत्रीसारखी मच्छरदाणी घ्या.

हिवाळ्यात हिशोब सोपा: आपण जेवढे घालतो त्याहून एक थर जास्त. आत सुती, वर लोकर. लोकर थेट अंगाला लावली की पुरळ उठतं. मोजे उलटे करून आतले लोंबते दोरे कापा, एखादा दोरा बोटाभोवती आवळला तर रक्त थांबतं आणि बाळ का रडतंय ते तासन् तास कळत नाही. थंडी तपासायला पोट आणि पाय दोन्हींना हात लावा. दोन्ही कोमट तर छान. पोट कोमट, पाय गार तर बाळाला थंडी वाजतेय, छातीशी धरून पांघरूण वाढवा. दोन्ही गार असतील तर उशीर न करता दवाखाना. बंद खोलीत शेकशेगडी मात्र नकोच, कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

झोपायला घट्ट, सपाट अंथरूण हवं आणि बाळ पाठीवर हवं. घडी घालून सपाट केलेली जुनी गोधडी दुकानातल्या लुसलुशीत गादीपेक्षा कितीतरी बरी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात; तिची गरज नाही, उशीत तोंड रुतून श्वास कोंडू शकतो. बाळ जागं असताना थोडा वेळ पोटावर ठेवलं, कुशीतली बाजू बदलत राहिलं की डोकं आपोआप नीट होतं. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते, म्हणून सपाट तळाचा पाळणा घ्या, गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरहून कमी असलेला. रबरी शीट पूर्ण अंगाखाली घातली की मेमध्ये पाठभर घामोळ्या येतात. कमरेखाली दोन फुटांचा तुकडा आणि त्यावर सुती कापड, एवढंच.

दुधाची बाटली आधीच आणून ठेवू नका. ती घरात असली की पहिल्या रडण्याला कोणीतरी पावडर कालवायला घेतंच. बाटल्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. आईचं काढलेलं दूध द्यायची वेळ आलीच तर उकळून घेतलेली स्टीलची वाटी-चमचा पुरतो. ‘बाहेर चार तास टिकतं’ हा नियम पंचवीस अंशांच्या खोलीचा आहे, आपल्या मेमधल्या स्वयंपाकघराचा नाही. काढलं की थेट फ्रीजमध्ये. आणि उन्हाळा कितीही असो, सहा महिने वरचं पाणी नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. जास्त वेळा पाजा, आईला जास्त पाणी द्या.

औषधांच्या डब्यात थर्मामीटर, नखं कापायचं छोटं कटर, कापूस आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्हिटॅमिन डी चे थेंब. रोजचे ४०० युनिट असतात, पण एका कंपनीच्या बाटलीत ते १ मिलीमध्ये असतात आणि दुसरीच्या अर्ध्या मिलीत, म्हणून बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा आणि त्याच बाटलीचा ड्रॉपर वापरा. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. मध वर्षभर नको. गुटी, ग्राइप वॉटर नको. पावडरही नको, ती फुफ्फुसात जाते.

बारशाला काय आणू असं कोणी विचारलं तर संकोच न करता सांगा: छोट्या मापाचं काही नको. मेमधलं बाळ डिसेंबरात सात महिन्यांचं होईल, तेव्हा सहा ते बारा महिन्यांचा स्वेटर आणि कानटोपी. डिसेंबरातलं बाळ मेमध्ये पाच महिन्यांचं, त्याला तीन ते सहा महिन्यांची बिनबाह्यांची झबली. मापासोबत महिनाही सांगा, नाहीतर भर उन्हाळ्यात घरात पाच मखमली सूट येऊन पडतात.