सोडियमच्या एका अणूसाठी: प्रकल्पाचा माझा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात माझ्या वाट्याला आलेला प्रकल्प कागदावर अगदीच किरकोळ दिसत होता: विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या सोडियमच्या एकट्या अणूतील इलेक्ट्रॉनांचा ढग कितपत सरकतो, म्हणजेच त्या अणूची ध्रुवणक्षमता किती, हे संगणकावर काढायचे. पडताळ्यासाठी १९९५ मध्ये एमआयटीत अणूंच्या व्यतिकरणमापकावर (अणूंच्या लहरी एकमेकींत मिसळून त्यांतला सूक्ष्म फरक मोजणाऱ्या उपकरणावर) मोजलेला आकडा हाताशी होता, १६२.७ अणुएकके (अणूच्या मापाला सोयीची एकके).

रीत सोपी आहे. क्षेत्र नसतानाची आणि छोटे क्षेत्र लावल्यावरची अशा दोन ऊर्जा काढायच्या आणि त्यांतील फरकाची दुप्पट क्षेत्राच्या वर्गाने भागायची. पण ०.००१ एककाच्या क्षेत्रात हा फरक जेमतेम ०.००००८ हार्ट्री (ऊर्जेचे अणुएकक) भरतो, आणि आमचा प्रोग्रॅम सहाव्या दशांश स्थळावरच समाधान मानून थांबत असल्यामुळे उत्तर दर वेळी एक-दोन एककांनी डळमळत असे. मग क्षेत्रच वाढवून पाहण्याचा मोह झाला, ०.०१ एककाला मात्र बाहेरचा इलेक्ट्रॉन अणूत टिकणेच अवघड असते, आणि आलेले आकडे वहीत उतरवण्याच्याही लायकीचे नव्हते. अखेर क्षेत्र पुन्हा ०.००१ वर आणून थांबण्याचा निकष दहाव्या स्थळापर्यंत कडक केला, तेव्हा हार्ट्री-फॉक पद्धतीचे (ती प्रत्येक इलेक्ट्रॉनवर इतरांचा फक्त सरासरी परिणाम धरते) उत्तर १९० च्या आसपास स्थिरावले.

म्हणजे प्रयोगापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त. इलेक्ट्रॉनांमधील सहसंबंध (क्षणोक्षणी एकमेकांना टाळत फिरणे) धरणारी महागडी कपल्ड क्लस्टर पद्धत लावली, तरी आकडा तसूभर हलला नाही. दोन दिवस मी इनपुट फाइलमध्ये टंकनाची चूक शोधत बसले होते. शेवटी कळले की प्रोग्रॅम आतले दहाही इलेक्ट्रॉन मला न विचारताच गोठवत होता, म्हणजे सहसंबंधाच्या हिशेबातून वगळत होता, आणि उरलेल्या एकुलत्या इलेक्ट्रॉनला सहसंबंध ठेवायला जोडीदारच नव्हता! दुसऱ्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन मोकळे केले, गाभ्यासाठी, म्हणजे या आतल्या इलेक्ट्रॉनांसाठी, घडवलेला मोठा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन ज्यांतून रचतात त्या गणिती फलनांचा संच) घेतला, आणि उत्तर १६५ च्या जवळ उतरले. बाहेरच्या इलेक्ट्रॉनमुळे गाभाही किंचित ध्रुवित होतो आणि त्याला आत ओढून धरतो, तो परिणाम आता हिशेबात आला होता.

अहवाल लिहिताना मात्र एक गोष्ट चुटपुट लावून गेली. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे ऊर्जा ०.०७७३ अणुएकके, या संक्रमणाच्या (बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या दोन पातळ्यांमधील उडीच्या) ०.९६ एवढ्या आंदोलक-बलाला, म्हणजे ती उडी किती जोरकस आहे हे सांगणाऱ्या आकड्याला, त्या ऊर्जेच्या वर्गाने भागले की ध्रुवणक्षमतेची सुमारे १६१ एकके येतात, आणि उरलेली जेमतेम दोन एकके गाभ्याची व वरच्या पातळ्यांची. पेन्सिलीने दोन ओळींत होणारे हे गणित सरांनी मला अहवालाच्या पहिल्याच पानावर घ्यायला लावले.