चिंच-मिठाने उजळलेली पाच नाणी

रस्ता खणायच्या आधी खाली काय पुरलंय ते सांगणं, हे माझं पोटापाण्याचं काम. पाण्याच्या लायनी, विजेच्या केबल आणि सगळ्यात जास्त म्हणजे डांबराखाली गडप झालेली व्हॉल्व्हची झाकणं. रस्ता करणारे दर खेपेला झाकणावरूनच डांबर ओततात, मग तेच झाकण शोधायला मला बोलावतात. त्यासाठी मेटल डिटेक्टर घेतला, आणि तो आहे म्हटल्यावर इतर फोनही सुरू झाले. कुणाची अंगठी पुळणीवर पडलेली असते. कुणी दबक्या आवाजात विचारतो, "रात्रीचे चांदरला येता का?" चांदर म्हणजे गोव्यातलं जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी. १९२९ साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी तिथे उत्खनन केलं. या लोकांना वाटतं, उरलेलं सोनं यांच्यासाठीच राखून ठेवलंय. असे फोन मी ठेवून देतो.

कार्तिकात गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातून एका शेतकरी दादांचा आलेला फोन मात्र साधा होता. भातकापणीत त्यांच्या घरच्या वहिनींच्या मंगळसूत्राची एक वाटी पडली होती. घरातले सगळे दोन दिवस वाकून शोधत होते.

आमच्याकडच्या जमिनीत डिटेक्टर चालवणं म्हणजे बाजारात उभं राहून कुजबुज ऐकणं. सगळा जांभा, लोखंडाने भरलेला. यंत्र चालू केलं की मातीच ओरडायला लागते. एखादी स्वच्छ जागा बघून चकती दहा-बारा वेळा वर-खाली करायची, यंत्राला मातीची ओळख पटवायची. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. शेतात चार पावलं पुढे गेलं की माती बदलते, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय पातळ सोन्याची वाटी पडद्यावर जो आकडा दाखवते, तोच आकडा गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी दाखवते आणि बिअरच्या कॅनची कडीही. म्हणजे सोनं शोधायचं तर कचरा उपसायलाच हवा. त्या दिवशी पहिल्या दोन तासांत मी सतरा कड्या काढल्या. शेतात बसून पिणाऱ्यांना कडी खिशात टाकायला काय होतं, कोण जाणे.

बाराच्या सुमाराला मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, अगदी कडेला, टिलरचं पातं पोचत नाही तिथे, आवाज बदलला. आकडा वरचा, स्थिर, दोन्ही बाजूंनी चकती फिरवली तरी तोच. हे सोनं नव्हे, तांबं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं, कारण वाटीचा आकडा तो नव्हता. पण हात थांबला नाही. वीतभर खाली हिरवा गोळा लागला, सुपारीपेक्षा थोडा मोठा. चार-पाच नाणी एकमेकांना चिकटलेली.

त्या गोळ्यावर कापड होतं. म्हणजे कापड उरलेलं नव्हतं. तांब्याचा कळंक धाग्यांत मुरला की कुजवणारे जंतू मरतात आणि हळूहळू तो कळंकच धाग्याचा आकार धरून बसतो. उभे-आडवे धागे, चिमटीत धरता येतील इतके स्पष्ट, आणि एका कडेला पीळ. गाठ मारल्यावर पडतो तसा. कुणाच्या तरी कनवटीची नाहीतर पदराची गाठ. उन्हात मी ते तिरकं धरून बघितलं. फोन स्कूटरच्या डिकीत होता. म्हटलं, घरी गेल्यावर काढू फोटो.

शेतातून दादांच्या घरी आलो, तर त्यांनी अंगणातली पोती दाखवली. "यातबी बघ रे, पुता." हे मला आधीच सुचायला हवं होतं. गोळा ओसरीच्या सोप्यावर ठेवला आणि भाताच्या पोत्यांवरून, मग गवताच्या उडवीवरून चकती फिरवली. वाटी तिसऱ्या पेंढीत सापडली. वहिनी रडल्या, चहा झाला, शेजारी जमले. कुणीतरी म्हणालं, पोर्तुगिजांविरुद्धच्या दीपाजी राण्यांच्या बंडातलं पुरलेलं धन असणार.

हात धुवायला मागीलदारी गेलो तर वहिनी नाणी पुसत होत्या. चिंच आणि मीठ लावून, देवाची उपकरणी घासतात तशी. पाचही सुटी झालेली, तांबं लखलखीत. "किती मळकट होती हो, तुम्हाला देताना बरं दिसेना."

काय बोलणार? त्या माझे उपकार फेडत होत्या.

नाण्यांवर पोर्तुगालचा राजा लुईशचा चेहरा, साल १८८१, किंमत पाव टांग, पोर्तुगीज अमलातलं चलन. सोळा टांगांची एक रुपिया, म्हणजे अशी चौसष्ट नाणी मिळून रुपया. दीपाजींचं बंड १८५२ चं, त्यामुळे शेजाऱ्यांचा तो धागा तिथेच तुटला. ही नाणी दुर्मीळ नाहीत, जुनी नाणी विकणाऱ्यांकडे मिळतात. दुर्मीळ होती ती गाठ.

कळवू नका म्हणणारेही होते. पण १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांवरचं पुरलेलं सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. १० रुपये हा आकडा अजून तोच आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू, त्याचा १९७२ चा कायदा वेगळा. मी दादांना समजावलं, अर्ज लिहून दिला. पुरातत्त्वातले एक जाणकार भेटले, त्यांना कापडाचं सांगितलं. त्यांनी भिंगातून पाचही नाणी शांतपणे पाहिली. "दिसलं असेल तुम्हाला," ते म्हणाले. "वीण कशी होती, साधी की तिरकी?" मला सांगता येईना. साधीच असावी. पीळ डावीकडे होता की उजवीकडे, तेही आता नक्की आठवत नाही. किती खोलीवर, तर वीतभर. माझी वीत.

दादा अधूनमधून फोन करतात. खड्डा बुजवला का विचारलं तर म्हणतात, दुसऱ्याच रात्री कुणीतरी तिथे कमरेएवढं खणून ठेवलं होतं. मेर फुटली, ती पुन्हा बांधायला दोन दिवस गेले.

तलाठ्याने पंचनामा केला त्या दिवशी वहिनींनी पाचही नाणी पदराने पुन्हा एकदा पुसून टेबलावर ठेवली. कागदावर लिहिलंय: तांब्याची नाणी, नग पाच, स्थिती उत्तम. खाली शोधणारा म्हणून माझी सही आहे.