पिकअपचा पेलोड: कॅटलॉगात ११०० किलो, काट्यावर ९००

कॅटलॉगात पेलोड १,१०० किलो. हौद्यात तेवढा माल बसेल असं धरून मी काटा करायला गेलो, आणि पहिल्या पावतीतच २०० किलो गळाले. माल तेव्हा एक किलोसुद्धा भरलेला नव्हता.

पेलोड म्हणजे साधी वजाबाकी: गाडीचं कमाल मान्य वजन वजा रिकामं वजन. पहिला आकडा कंपनीने ठरवलेला, तो हलत नाही. माझ्या गाडीला ३,०५० किलो. घोळ दुसऱ्या आकड्यात असतो. कॅटलॉगातलं १,९५० किलो हे बहुधा सगळ्यात साध्या व्हेरियंटचं असतं, वरून काही न बसवलेल्या गाडीचं. शिवाय त्यात काय धरलंय ते देशागणिक बदलतं. युरोपीय नियमांत चालू स्थितीतल्या वजनात ७५ किलोचा चालक आणि टाकीचं ९० टक्के इंधन धरतात. अमेरिकेत दरवाज्याजवळच्या पट्टीवर माणसं आणि सामान मिळून कमाल किती, तेच छापलेलं असतं. पट्टी वाचली नाही तर चालकाला दोनदा मोजाल किंवा एकदाही नाही.

काट्यावर जाण्याआधी टाकी काठोकाठ भरली. डिझेल लिटरला साधारण ०.८४ किलो, म्हणजे ८० लिटरच्या टाकीत ६७ किलो. पाव टाकीवर काटा केला तर ५० किलो फुकटचे मिळाल्यासारखे वाटतात आणि पुढच्या पंपावर परत जातात. स्टेपनी, जॅक, पाने, पट्टे, जे रोज गाडीत असतं ते सगळं तसंच ठेवलं.

गाडी चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का, ते पाहिलं. त्याची पायरी किती, म्हणजे आकडा किती किलोंच्या टप्प्याने बदलतो, हेही विचारून घ्या. ट्रकच्या मोठ्या काट्यांची पायरी १० किंवा २० किलोची असते, ट्रकला ती चालते, पिकअपला २० म्हणजे जाडजूड. इथे १० ची होती. वजनं तीन घेतली: पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. प्रत्येक वेळी माणसं बाहेर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, जमीन सपाट असेल तर हँडब्रेक सोडलेला. ब्रेक आवळलेला राहिला तर चाकं एकमेकांना ताणून धरतात आणि आकडा चुकतो. काट्याचं पान आणि बाहेरची जमीन एका पातळीत नसेल तर एक्सलचे आकडे सोडून द्या, पूर्ण गाडीचाच घ्या.

आकडे आले: पुढे १,१९०, मागे ९६०, एकूण २,१५०. उरले ९०० किलो. हौद्यावरची कॅनॉपी ७५, पुढचा लोखंडी गार्ड ४५, टो हुक २५, हौद्याचं अस्तर २०, झाले १६५. बाकीचे ३५ वरच्या व्हेरियंटचे आणि काट्याच्या पायरीचे.

दोन माणसांचे १५० वजा केले की मालाला ७५० उरतात. २५ किलोची २८ खोकी भरली, ७०० किलो. या वेळी दोघे आत बसूनच काटा केला, एकूण ३,००० दाखवले. मर्यादेच्या आत ५० किलो, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण मागचा एक्सल १,८१० वर होता आणि त्याची मर्यादा १,७५०. (पुढचा १,२००. बेरीज दहाने जास्त येते, तो पायरीचा फरक. एका-दोन पायऱ्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर पुन्हा काटा करा.)

एकूण बसतं आणि एक्सल बसत नाही, हे डबल कॅबमध्ये (सीटच्या दोन रांगा असलेल्या पिकअपमध्ये) सहज होतं, कारण हौद्याचा मध्यच मागच्या एक्सलच्या मागे पडतो. एक्सलच्या मधोमध हौद्याच्या कडेवर खडूने खूण केली आणि तिथून खोक्यांच्या मध्यापर्यंत टेप लावली: ३० सेंटिमीटर मागे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, ३ मीटर. ७०० ला ०.३ ने गुणून ३ ने भागलं की ७० येतात. तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं आणि मागच्यांना ७०० ऐवजी ७७० सोसावे लागतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट झाडांवर पडतात.

सगळी खोकी केबिनकडे ३० सेंटिमीटर सरकवून पट्ट्यांनी आवळली. मागे १,७४०, पुढे १,२७०. एक खोकंही न उतरवता. मोकळ्या मालात ही सोय नसते आणि अंदाजही फसतो. दीड मीटर लांब-रुंद हौद्यात ७५० किलो ओली वाळू जेमतेम १७-१८ सेंटिमीटर चढते, वीतभरसुद्धा नाही. हौदा अर्धा भरला तर क्षमता कधीच ओलांडलेली असते.

मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले की गाडी मागे दबत नाही, म्हणून क्षमता वाढली असं सांगणारे भेटतात. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी तीच राहते. नुसतं दबणं दिसेनासं होतं. टायर मात्र बघाच. माझ्या टायरवर लोड इंडेक्स (किती भार पेलतो त्याचा क्रमांक) ११२, म्हणजे एका टायरला १,१२० किलो, जोडीला २,२४०. तेही भरलेल्या गाडीच्या हवेवर, रिकाम्या गाडीच्या नाही. १०४ चे स्वस्त टायर असते तर जोडीला १,८००, आणि पहिल्या भरणीला तेही ओलांडले असते.

ट्रेलर जोडायचा असेल तर त्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के हुकवर येतात आणि ते पेलोडमधूनच जातात. १,५०० किलोच्या ट्रेलरचे १५० धरा. हुक एक्सलच्या १.२ मीटर मागे, म्हणून मागच्या एक्सलवर ते २१० होतात. मग दोन माणसांसह हौद्याला एकूण वजनाच्या हिशेबाने ६०० उरतात, पण एक्सलच्या हिशेबाने, माणसांचं निम्मं वजन मागे धरून, ५०५, आणि तेही माल बरोबर एक्सलवर ठेवला तर.