उतारावर गाडी धरते कोण?

डोंगरउतारावर फवारणी करणाऱ्या गटासाठी एटीव्ही, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालणारी, मोटरसायकलसारखी बसायची चारचाकी, निवडून द्यायची होती. उतार साधारण 20 अंशांचा, माती सैल, मागच्या कॅरिअरवर पंप आणि टाकी. आलेल्या माहितीपत्रकांत इंजिनाची ताकद सगळ्यात वर होती; उतरताना गाडी कशी धरते, याची बहुतेकांत एक ओळही नव्हती. खरेदीवाल्यांनी तुलनेचा तक्ताही त्याच क्रमाने लावला होता. हे मला पटत नाही. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते. उतरताना रोध कमी पडला तर ती थांबत नाही.

आधी हिशोब. गाडी 290 किलो, चालक 70, पंप आणि द्रव 40, एकूण 400. 20 अंशांवर उताराच्या दिशेने ओढ बसते सुमारे 137 किलोंची. ताशी 10 किलोमीटरने सावकाश उतरायचं तर कुठेतरी सतत 3.7 किलोवॉट जिरवावे लागतात. ताशी 30 वर 11. हे सगळं ब्रेकवर टाकलं तर डिस्क तापतात, लांब उतारावर ब्रेक ढिले वाटू लागतात. म्हणून इंजिन ब्रेक, म्हणजे वेग देणं सोडल्यावर इंजिनच चाकांना मागे धरतं तो रोध, हवाच. फवारणीसारख्या चिखलपाण्याच्या कामात सुझुकीच्या किंगक्वाडसारखा मागचा बंदिस्त, तेलातला ब्रेक मला आवडतो, पण तोही इंजिन ब्रेकची जागा घेत नाही.

चाचणीत सगळ्यात ताकदवान गाडीनेच घोर लावला. लो रेंज (सावकाश, जोराच्या कामाचा गिअर), फोर व्हील ड्राइव्ह, अंगठा थ्रॉटलवरून (वेग द्यायच्या कळीवरून) काढलेला, ब्रेकला हात नाही. इंजिनाचा आवाज चढला, म्हणजे रोध येत होता. तरीही मागची चाकं घसरू लागली आणि शेपूट एका बाजूला फिरू लागली. चालकाने पुढचा ब्रेक हलका दाबून ती सरळ केली. नवख्याने घाबरून मागचा ब्रेक दाबला असता तर ती आडवी झाली असती, आणि आडवी झालेली गाडी उतारावर उलटते.

कारण पुढच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे पुढच्या दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या भागात, होतं. काही गाड्यांत पुढची चाकं मागची घसरल्यावरच जोडली जातात, तीही ओढण्याच्या दिशेने. उतरताना पुढची चाकं आतल्या क्लचच्या पुढे मोकळी धावतात आणि इंजिनाचा रोध फक्त मागे पोचतो. 20 अंशांवर दोन तृतीयांश वजन पुढे गेलेलं असतं. मागच्या चाकांवर उरलेल्या सव्वाशे किलोंच्या दाबातून 137 किलोंचा रोध काढायचा, हे सैल मातीत होणारच नाही. चालक मागे सरकून बसला तर थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. पोलारिसच्या काही मॉडेलांतलं ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल याच दुखण्यावर आहे: ते चालू केलं की रोध चारही चाकांना मिळतो. म्हणून ‘फोर व्हील ड्राइव्ह आहे का’ हा प्रश्न अपुरा. उतरताना पुढची चाकं इंजिनाला जोडलेली राहतात का, हे विचारा.

दुसरी गाडी पहिल्या फेरीत पास झाली. मी चालकाच्या अंगठ्यावर नजर ठेवली. मधूनमधून तो थ्रॉटलला बारीक टिचकी देत होता आणि त्याचं त्यालाही भान नव्हतं. बेल्टच्या गाड्यांत दोन पुलींवरचा बेल्ट इंजिनाची ताकद चाकांकडे नेतो. त्यांतल्या काहींत वेग फार कमी झाला, इंजिन आयडलजवळ, म्हणजे नुसतं चालू राहण्यापुरत्या वेगाजवळ, आलं, की पुढची पुली बेल्ट सोडते आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी सुटते. टिचकीने बेल्ट पुन्हा पकडला जातो. मुरलेला चालक गाडीतली उणीव अशी झाकतो, म्हणून कामावरचा नवखा माणूस 10 अंशांच्या, खाली मोकळी सपाट जागा असलेल्या उतारावर बसवला. तिथे तीच गाडी सुटली.

पुलीत एकदिशा बेअरिंग, म्हणजे एकीकडे मोकळं फिरणारं आणि उलटीकडे अडकून बेल्टला धरणारं, असेल तर हा प्रश्न येत नाही. यामाहाच्या अल्ट्रामॅटिक या बेल्टच्या यंत्रणेतही रोधासाठी एकदिशा क्लचच आहे. वापरलेली गाडी घेताना मात्र इंजिन बंद करून, कव्हर काढून हे बेअरिंग हाताने फिरवून बघा. एका दिशेला मोकळं फिरलं पाहिजे, उलट दिशेला लगेच अडकलं पाहिजे. दोन्हीकडे फिरत असेल तर इंजिन ब्रेक गेला. बाकी गाडी कितीही चकचकीत असो, पुढे बोलू नये.

शेवटी दोन उरल्या. एक एकदिशा क्लचची बेल्टवाली, पुढचं डिफरन्शियल बटणाने लॉक होणारं, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं. दुसरी पायाने गिअर टाकायची, ऑटोमॅटिक क्लचची. गिअरवाली पहिल्या गिअरमध्ये सगळ्यात एकसारखी उतरली. पण तिच्यात गिअरची पट्टी दाबली की क्लच सुटतो. तिसऱ्यात उतरायला लागलेला माणूस घाबरून मधेच गिअर बदलायला गेला, तर नेमक्या त्या क्षणी गाडी मोकळी पळते. गटात दर हंगामाला नवी माणसं येतात, म्हणून मी बेल्टवालीची शिफारस केली. सोबत लिहून दिलं: माथ्यावर थांबून लो रेंज आणि लॉक, उतरताना टाकी कॅरिअरवर अर्धी भरलेली नको, कारण आतलं द्रव पुढे उसळतं, टायरचा दाब मॅन्युअलप्रमाणे.

गट कायमचा असता तर मी गिअरवाली निवडली असती का, हे अजून ठरत नाही. तिच्यात बेल्ट नाही, ओलं होऊन घसरण्यासारखं काही नाही. पण बेल्टवालीत लॉक लावल्यावर स्टिअरिंग जड होतं, म्हणून माणसं लॉक काढून उतरतात, हेही मी पाहिलं आहे. म्हणजे तिच्यातही चालकावर विसंबणं संपलेलं नाही. खरेदीवाल्यांनी शिफारस मानली. तक्त्यात इंजिनाची ताकद अजून पहिल्या रकान्यातच आहे.