फुटपट्टीचा हिशोब

बाबा पोस्टातून निवृत्त झाले, पण मोजमापाची सवय सुटली नाही. मागच्या दिवाळीत नागपूरला गेलो तर माझा शाळेतला जुना नकाशासंग्रह पलंगावर उघडा, त्यावर फुटपट्टी. मुंबईवर शून्य, नागपूरवर बोट.

"सरळ रेषेत सहाशेऐंशीच्या वर काही येत नाही. विमान ताशी आठशेनं जाते म्हणतात. म्हणजे तासाच्या आत. मंग तिकिटावर दीड घंटा काऊन लिवते?"

मी समजावलं. तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतो. विमान जागेवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि उतरून पुन्हा उभं राहीपर्यंत ते चालूच. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि विमानांची रांग लागते. शिवाय आठशेचा वेग वर गेल्यावरचा. चढताना, उतरताना तो कुठला?

बाबांनी ऐकलं, आणि फुटपट्टी न उचलता विचारलं, "घरून कधी निघालता?"

इथे मी अडकलो. डोंबिवलीहून सहाला निघालो होतो. टॅक्सी, मग बॅगांची रांग, तपासणीची रांग, त्या ट्रेमध्ये पट्टा काढून ठेवायचा आणि पँट सावरत पलीकडे जायचं. सोनेगाव विमानतळावर उतरून महाल भागातल्या घरी चपला काढल्या तेव्हा बारा वाजत आले होते. सहा तास! समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, आठ तासांचा म्हणतात, आणि त्याचं आमणेचं टोक आमच्या डोंबिवलीपासून फार लांब नाही. म्हणजे एवढे पैसे मोजून मी वाचवले फार तर दोन तास, तेही गुडघे छातीशी घेऊन. हे बाबांना सांगितलं नाही. त्यांनी ते मनातल्या मनात केलेलंच होतं.

मग त्यांची आवडती गोष्ट निघाली. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात जमायची. थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो आपापल्या गावी परत. बाबांच्या नोकरीआधीची गोष्ट, पण सांगतात अशी की थैल्या यांनीच उचलल्या. "पत्र रात्रीतून जायचं," म्हणाले, "अन् त्याला दोन घंटे आधी बोलवत नव्हते."

परतताना संध्याकाळचं विमान होतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे मुंबईकडे येताना ते समोरून लागतात आणि जरा वेळ जास्त जातो. तेवढं मी धरलं होतं. पण मुंबईजवळ आल्यावर पायलटनं गर्दी आहे म्हणून सांगितलं, आणि आम्ही घिरट्या घालू लागलो. खिडकीतून खाली तोच तलाव, त्याच काठचे तेच दिवे, तीनदा. शेजारच्या काकूंनी तिसऱ्या वेळी डब्यातली संत्र्याची बर्फी काढली आणि मलाही दिली.

उतरल्यावर फोन चालू केला. बाबांचे तीन मिस्ड कॉल. लावला.

"दोन घंटे झाले," बाबा म्हणाले. "फुटपट्टीनं तू आता अरबी समुद्रात पायजे होता."