अकरा दिवस स्वयंपाक आणि एक द्रोण गराडू

डिसेंबरात घरची शेगडी नक्की किती दिवस पेटली, याचा हिशोब नवऱ्याने ३१ तारखेला मांडला. अकरा दिवस. उरलेले वीस दिवस आम्ही लोकांच्या घरी, कार्यालयात, हॉटेलात नाहीतर रस्त्यावर जेवलो. हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला की समाधानाने, ते मला अजून कळलेलं नाही. त्या वेळी त्याच्या हातात इसबगोलाचा डबा होता.

सुरुवात केळवणाने झाली. बहिणीच्या मुलीचं लग्न २८ तारखेला, म्हणून आम्ही केळवण केलं. 'केलं' म्हणजे पुण्यातल्या एका थाळीवाल्या हॉटेलात चौदा जणांचं टेबल सांगून ठेवलं. पूर्वी केळवणाला आई आदल्या दिवशी पुरण वाटायची वगैरे मी लिहिणार नाही. मला पुरण वाटायचं नव्हतं, म्हणूनच हॉटेल ठरलं. पण चौदा माणसं एका ओळीत बसवली की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचं काही ऐकू येत नाही, हे टेबल सांगताना लक्षात आलं नाही. नवऱ्यामुलाने उखाणा घेतला, तो त्याच्या शेजारच्या दोघांनीच ऐकला, कारण मागच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. बिल आल्यावर माझा नवरा आणि मेहुणे दोघांनीही एकदम कार्ड पुढे केलं. वेटर मशीन धरून दोघांच्या मधे उभा, आणि दोघं 'छे छे, मी देतो' म्हणतायत. अखेर मेहुणे जिंकले. तेव्हा माझ्या बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नाशिकचं बारसं: जाताना नारायणगावला चहा, येताना चाकणला दीड तास. बाळ आम्ही गेलो तेव्हा झोपलेलं होतं, निघालो तेव्हाही झोपलेलंच होतं. मिसळ खाल्ली. बस.

कोल्हापूरला दीर-जावेच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामं सुरू, दर दोन किलोमीटरवर 'पर्यायी मार्ग'ची पाटी, त्यामुळे सव्वादोनशे किलोमीटरला साडेसहा तास लागले. पोचलो ते थेट पानावर. कोल्हापूरच्या पाहुणचाराबद्दल सगळे कौतुकानेच लिहितात. मी जरा वेगळं लिहिते. तिथे पांढरा रस्सा वाटीत संपू देत नाहीत. तुम्ही वाटी तोंडाला लावली की वाढणारा तांब्या घेऊन तिथेच उभा. वाटी खाली ठेवली की भरली. हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून ओततात. 'लाजू नका वहिनी' म्हणतात. मी लाजत नव्हते हो, माझं पोट भरलं होतं. दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या रांगेची लांबी बघून मुखदर्शनावर भागवलं आणि परतीच्या वाटेवर कराडला नवऱ्याने अँटासिडची पट्टी घेतली. तीच पुढे इंदूरपर्यंत पुरली.

हे सगळं लिहायचं कारण इंदूर.

इंदूरला माझी आत्या असते. १९६५ साली लग्न होऊन रामबागेत गेली ती तिथलीच झाली. होळकरांच्या काळापासूनची मराठी वस्ती ती, त्यामुळे पुण्याची मुलगी तिथे परकी पडली नाही. फक्त मराठीत 'जल्दी' आणि 'सब्जी' शिरले. तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पुण्याहून इंदूरला रेल्वेने जायचं म्हणजे कल्याण, वसई, सुरत, बडोदा, रतलाम असा गुजरात फिरून जायचं, कारण मधे सरळ रूळच नाहीत. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला २०२४ साली केंद्राने मंजुरी दिली आहे. तो होईल तेव्हा बहुधा माझंच सहस्रचंद्रदर्शन असेल. आम्ही बडोद्याला मध्यरात्री जागे झालो, कारण समोरच्या बर्थवरच्या कुटुंबाने तेव्हा ठेपल्यांचा डबा उघडला होता. त्यांनी आम्हालाही दिले. या महिन्यात नको म्हणणं आम्हाला जमतच नव्हतं.

समारंभ छान झाला. गुळाची तुला झाली, ८१ दिव्यांनी ओवाळणं झालं, त्यात एका भाचेसुनेच्या पदराला जवळजवळ ठिणगी लागली, पण नाही लागली. गुरुजींनी माइकवरून समजावून सांगितलं की एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस, असे हजार भरायला जवळपास ८० वर्षं १० महिने लागतात. आत्या खुर्चीतूनच म्हणाली, "गुरुजी, पावसाळ्यातले चार महिने ढग असतात. ते वजा करा. माझे अजून साडेसहाशेच झालेत." लोक हसले. गुरुजी हसले नाहीत.

मग पाया पडायची रांग लागली. साडेअकरापासून आत्या त्या महाराजा खुर्चीत बसलेली, कमरेत वाकून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतेय, फोटोग्राफर 'आजी, इकडे बघा' म्हणतोय. आम्ही दोन पंगतींत जेवलो, विडे खाल्ले, माझा नवरा मागच्या खोलीत जाऊन झोपून उठलासुद्धा. पावणेतीनला कुणाच्या तरी लक्षात आलं की आजी जेवलेल्या नाहीत. तोवर केटररने शेगड्या आवरल्या होत्या. वहिनी वरण गरम करायला धावली तर सिलिंडर टेम्पोत चढलेला. आत्याने गार वरणभात, वातड झालेली पोळी आणि गोठलेल्या तुपाचा शिरा खाल्ला. वहिनीला रडू यायला लागलं तर म्हणाली, "अगं चालतं. मला सवय आहे."

मला वाटलं, समजूत काढायला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता मी म्हटलं, सराफा बघून येते. इंदूरला याआधी तीनदा गेले होते, पण दरवेळी लग्नकार्य, त्यामुळे ते राहून गेलेलं. नवऱ्याने अँटासिडची पट्टी दाखवली आणि पांघरूण ओढलं. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, दमलेला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्या शाल गुंडाळतच बाहेर आली.

"मी येते."

"आई, तिथे केवढी गर्दी असते."

"मग? गर्दी मला खाणार आहे का? चल गं, जल्दी चल. हा विचार बदलेल."

ई-रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं, की रात्रीचा सराफा तिने कधी पाहिलेलाच नाही. साठ वर्षं रामबागेत राहून! मला खरंच पटेना. राजवाड्याच्या मागचा सराफा म्हणजे त्यांच्या घरापासून पंधरावीस मिनिटांचा रस्ता. दिवसा ती अनेकदा गेली होती. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं असतात. रात्री ती बंद झाली की त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर आणि ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात, त्या मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. सराफांनी ही गर्दी चालू दिली ती रात्री दुकानांवर आयती राखण राहते म्हणून, असं तिथले लोक सांगतात. काका दर शनिवारी जेवणं झाल्यावर मित्रांबरोबर जायचे. बायका जात नसत. "जायला कुणी बंदी केली नव्हती," आत्या म्हणाली, "पण कुणी चल असंही म्हणालं नाही." काका पुडकं घेऊन यायचे. आधी सासऱ्यांना, मग मुलांना, मग जावांचं, आणि ओटा पुसून झाला की उरलेलं तिला.

गर्दीबद्दल दादा खरं बोलला होता. तरुण पोरं मोबाइल उंच धरून चालतात, त्यामुळे त्यांना समोरची म्हातारी दिसत नाही. एक जण तोंडात पेटता विडा कोंबून घेत होता आणि चौघं त्याचं चित्रीकरण करत होती. पान खायला आग कशाला लागते, हे मला कुणी समजावून सांगावं. दहीवडेवाला भरलेला द्रोण हवेत उडवून परत झेलत होता. ताटलीएवढी जिलबी कढईतून वर येत होती. मी आत्याचा दंड धरून चालले होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते, की ही पडली तर दादाला काय तोंड दाखवू.

एका गराडूवाल्यापाशी ती थांबली. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, माळव्यात थंडीतच मिळतो. मोठ्या तव्याच्या कडेला एकदा तळलेल्या फोडींचा ढीग असतो. आपण मागितले की त्यातल्या मूठभर पुन्हा तेलात सोडतात, कुरकुरीत झाल्या की वर जीरावन नावाचा तिथला मसाला आणि लिंबू. आत्या मात्र तव्याकडे बघत नव्हती. ती गाडीमागच्या बंद शटरकडे बघत होती. मग वरच्या पाटीकडे. मग दगडी पायरीकडे.

"इथे मी पाटल्या मोडल्या," ती म्हणाली.

मी काहीच बोलले नाही.

"राजवाडा जळला ना, ८४ साली? त्याच्या आधीच्या पावसाळ्यात. दादाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. या पायरीवर बसले होते मी. आत काट्यावर वजन चालू होतं."

"किती आले होते?"

"पुरले."

गराडूवाल्याच्या पोराने स्टूल पुढे केलं, "बैठो अम्माजी". पण आत्या स्टुलावर बसली नाही. शाल सावरत हळूहळू वाकली आणि त्या पायरीवरच बसली. मी द्रोण तिच्या हातात दिला. कवळी असल्यामुळे तिने फोड तशीच तोंडात घातली नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी ती मधोमध मोडली. वरचं कवच कट्कन तुटलं आणि आतल्या पांढऱ्या, पिठूळ गरातून वाफ आली, ती तिच्या चष्म्यावर बसली. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. तिने चष्मा काढला नाही, पुसला नाही. तशीच, काही न दिसता, फुंकर मारून मारून पहिली फोड खाल्ली. मग दुसरी.

"बाई गं," ती म्हणाली, "गराडू गरम असतात होय."

साठ वर्षांत तिने गराडू शेकडो वेळा खाल्ले असतील. पुडक्यातले, मऊ पडलेले, जीरावन ओलं होऊन चिकटलेले. तिला ते तसेच असतात असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही नव्हते. काका विचारायचे 'कसे आहेत?', ती 'छान' म्हणायची.

काल पावणेतीन वाजता ती वरणभात खात असताना मी विडा चघळत समोरच उभी होते. हे लिहिताना ते सारखं आठवतंय. गॅस नव्हता, पण शेजारी घरं होती की. दोन मिनिटांचं काम होतं. मी फोटो दाखवत बसले होते कुणाला तरी.

तिने दुसरा द्रोण मागवला. मग भुट्ट्याचा किस, मग रबडी. शिकंजी मागवली तेव्हा मी लिंबाचं सरबत येणार म्हणून बसले, तर ग्लासात दाट, गोड, सुकामेवा घातलेलं दुधाचं प्रकरण आलं. इंदुरात शिकंजी तशीच असते म्हणे. ते मला संपलं नाही, आत्याने संपवलं. पैसे देऊ म्हटलं तर तिने कमरेची पिशवी काढली, आणि मेहुण्यांची आठवण येऊन मी गप्प बसले. परत निघताना तिने एकदा मागे वळून बघितलं, पायरीकडे की तव्याकडे, मला सांगता येणार नाही.

घरी पोचलो तेव्हा पावणेबारा. दादा दारात उभा. "आई, काय खाल्लंस?"

"काही नाही. थोडी रबडी."

सकाळी मला वाटलं आता हिचं पोट बिघडणार आणि सगळं माझ्यावर शेकणार. ती सहाला उठून देवपूजा करून बसली होती. बिघडलं माझं.

राजवाडा आतून बघायचा राहिला, लालबाग राहिली. छप्पन दुकान या खाऊगल्लीपर्यंत गेलो आणि नवऱ्याने आता खायचं नाव काढू नकोस म्हटल्यावर परत फिरलो. निघताना वहिनीने पोह्यांचा डबा दिला आणि आत्याने दोन किलो कच्चे गराडू, मातीसकट, वर जीरावनची पुडी. परतीच्या गाडीत ती पिशवी नवऱ्याने उशाशी घेतली, दुसरीकडे जागाच नव्हती. २८ तारखेचं लग्न लागलं, सव्वाशे पदार्थांचा बुफे होता, मी त्यातलं काय खाल्लं ते आठवत नाही.

३० तारखेला संध्याकाळी गराडू सोलले. हाताला खाज सुटली, तेल लावायला हवं होतं. एकदा तळून घेतले, मग आत्याने सांगितल्याप्रमाणे गार करून पुन्हा तळायला घेतले. बाहेर टेबलावर नवरा आणि मुलगी ताटल्या घेऊन बसले होते, 'झालं का?' म्हणत होते. पहिला घाणा झाऱ्यावर वर आला. जीरावन भुरभुरलं, लिंबू पिळलं.

"आणते," मी म्हटलं, आणि शेगडीपाशी उभ्याउभ्याच एक फोड तोंडात टाकली. जीभ भाजली. मग आणखी एक टाकली.